माळ्यावरचे बिऱ्हाड

खार कोणाला माहीत नाही? वस्तीत जिथे कडुनिंब, चिंच, जांभूळ किंवा पेरूचे झाड आहे तिथे खार आहेच. लहान मुलांची ती खारूताई. दोन पायांवर बसून पुढच्या दोन हातांत दाणा धरून खाऊ लागली की रडणारे मूलही गप्प बसते. पण हीच खार झाडावरून उतरून आपल्या घराच्या माळ्यावर संसार मांडते, तेव्हा घरच्या माणसांना तिचे कौतुक उरत नाही. गोधडीतला कापूस बाहेर येतो, धान्याच्या पोत्याला भोक पडते, आणि सर्वांत वाईट म्हणजे विजेची वायर कुरतडली जाते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी हे सगळे झाले. त्यातून आम्ही काय केले ते कुटुंबाच्या या पानावर सांगावेसे वाटते. कवेलूच्या आणि पत्र्याच्या घरात राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांपुढे हा प्रश्न येतो, आणि त्यावर पहिला उपाय म्हणून जो सुचवला जातो तो बहुतेक वेळा विषाचा असतो.

आमचे घर उत्तर नागपुरातल्या एका जुन्या वस्तीत आहे. दोन खोल्या, विटांच्या भिंती, वर कवेलू. मागच्या खोलीवर फळ्यांचा माळा आहे. आम्ही घरात पाच माणसे. आम्हां दोघांपैकी एक जण गोदामात हमाली करतो, दुसरी घरी मशीनवर ब्लाऊज आणि परकर शिवते. शिवाय आजी, सहावीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. माळ्यावर काय असते ते वाचकांना सांगायला नको. पावसाळ्यासाठी ठेवलेल्या गोवऱ्या, थंडीच्या गोधड्या, मुलांचा जुना पाळणा, मागच्या वर्षीची पुस्तके आणि शिलाईच्या चिंध्यांचे एक मोठे गाठोडे. आपल्याला तो अडगळीचा ढीग दिसतो. घरटे बांधणाऱ्या खारीला मात्र तिथे कापूस, चिंध्या, सुतळी असे लागणारे सगळे सामान एका जागी मिळते. वर ऊन नाही, पाऊस नाही आणि मांजरही सहसा पोहोचत नाही.

मार्चच्या शेवटी माळ्यावर खुडबुड ऐकू येऊ लागली. घरात उंदीर आहेत की खार आहे हे आधी ठरवावे लागते, कारण दोघांचा बंदोबस्त वेगळा. ओळखायची सोपी खूण म्हणजे वेळ. उंदीर रात्री हिंडतो, खार दिवसा. आपण दिवे मालवून पडल्यावर वर धावपळ सुरू झाली तर ते उंदीर. सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी अंधार पडण्याआधी आवाज येत असेल, आणि रात्रभर सगळे शांत असेल, तर ती खार. आमच्याकडे मशीन दिवसभर चालते, त्यामुळे घरात दिवसा कोणीतरी असतेच. सकाळी सातच्या सुमारास वर पावले वाजत, मग कडुनिंबाच्या फांदीवर चिक् चिक् चिक् असा न थांबणारा आवाज सुरू होई. मांजर किंवा शिक्रा दिसला की खार शेपटी झटकत असा ओरडा करते. सगळ्या वस्तीला जागे करील एवढा तो आवाज असतो.

दरवर्षी १४ एप्रिलच्या आधी आम्ही घराला रंग देतो, आणि त्या निमित्ताने माळा रिकामा होतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शिडी लावून गाठोडे ओढले, तर त्याच्या मागे लहान कोहळ्याएवढा एक गोळा दिसला. गवत, काथ्या, गोधडीचा कापूस, ब्लाऊजच्या रंगीत चिंध्या आणि मुलाच्या जुन्या स्वेटरची निळी लोकर, असे सगळे गुंफून केलेले घरटे. आत तीन पिल्ले. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कातडी गुलाबी, आकाराने आपल्या बोटाएवढी. आई बाहेर फांदीवरून ओरडत होती. आम्ही गाठोडे पुन्हा जसे होते तसे लावले आणि शिडी काढून घेतली. तेवढ्या कोपऱ्याला त्या वर्षी रंग लागला नाही.

गोष्ट इथेच मिटली असती, पण शिडीवरून उतरताना दुसरी गोष्ट नजरेस पडली. मागच्या खोलीच्या पंख्याची वायर माळ्यावरून जाते. तिच्यावरचे प्लास्टिक दोन ठिकाणी कुरतडलेले होते आणि आतली तांब्याची तार दोन बोटे उघडी पडली होती. त्याच्या हातभर अंतरावर वाळक्या गोवऱ्या आणि चिंध्या. त्या खोलीत आजी आणि दोन्ही मुले झोपतात.

खार वायर का खाते, असे मुलाने विचारले. ती वायर खात नाही, तिच्यावर दात घासते. खार, उंदीर, घूस ही सगळी कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या एकाच मोठ्या कुळातली. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. दाताची पुढची बाजू कठीण असते, मागची त्यामानाने मऊ. कुरतडताना मागची बाजू लवकर झिजते आणि दाताला सुताराच्या पटाशीसारखी धार राहते. कुरतडले नाही तर दात वाढून तोंड मिटता येणार नाही आणि खार उपाशी मरेल. म्हणून लाकूड, आठळी, टरफल, प्लास्टिक, जे मिळेल त्यावर तिचे दात चालतात. तिच्यात दुष्टपणा नाही. पण उघडी तार घर जाळायची तर जाळतेच, त्याला दुष्टपणा लागत नाही.

त्याच संध्याकाळी वस्तीतल्या वायरमनला बोलावले. त्याने पहिले काम केले ते माळ्यावरून जाणारी लाइनच तोडून टाकली. दुसऱ्या दिवशी नवीन वायर माळ्यावरून न नेता खालून, भिंतीच्या कडेने लोखंडी पाइपातून नेली. प्लास्टिकचा पाइप खार कुरतडू शकते, लोखंडाचा नाही, आणि लोखंडी पाइपाला अर्थिंग जोडलेच पाहिजे, असे तो म्हणाला. मीटरजवळच्या जुन्या फ्यूजमध्ये कोणीतरी कधीतरी जाड तार घातली होती. ती काढून त्याने एमसीबी बसवला, आणि त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा, गळतीचा करंट ओळखून लाइन बंद करणारा स्विच. जाड तारेचा फ्यूज शॉर्टसर्किट झाले तरी लवकर वितळत नाही आणि मग वायरच पेटते, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवे. या सगळ्याला आमची शिलाईची दोन आठवड्यांची कमाई गेली. पण वायरचा धोका मिटला, आणि मग खारीचे काय करायचे याचा शांतपणे विचार करता आला.

शांतपणे म्हणायचे, पण वेळ कमी होता. घराची शाकारणी यंदा करायचीच होती. मागच्या खोलीचे तीन फाटे किडले होते आणि आदल्या पावसाळ्यात गळक्या जागी सहा भांडी लावून आम्ही रात्री काढल्या होत्या. मिस्त्रीला इसार देऊन झाला होता. मे महिन्याचा दुसरा आठवडा ठरला होता. त्यानंतर त्याच्याकडे कामांची रांग, आणि जूनच्या मध्याला नागपुरात पाऊस येतो. कवेलू उतरवायचे तर घरटे उघड्यावर येणार. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात केस न आलेली पिल्ले तासभरही जगली नसती.

शेजारीपाजारी ज्याला त्याला सल्ला होता. कोणी म्हणाले, घरटे उचलून नाल्याकडे टाका. कोणी चिकट पुठ्ठा आणून दिला, ज्यावर पाय पडला की प्राणी चिकटून राहतो. एका काकूंनी तर आपुलकीने उंदराच्या औषधाची अर्धी ट्यूबच पुढे केली. भाकरीला लावून ठेवा, दोन दिवसांत काम होते, म्हणाल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. वायर त्यांनीही पाहिली होती.

आम्ही औषध घेतले नाही, आणि त्याची कारणे दयेच्या आधी आमच्या स्वतःच्या मुलांच्या जिवाची होती. बाजारात मिळणाऱ्या उंदीर मारण्याच्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. ती पोटात गेली तर पहिले एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि मग यकृत निकामी होऊ लागते. दुसऱ्या एका प्रकारच्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो, आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे त्याने प्राण गेले आहेत. या दोन्हींवर नेमका उतारा नाही. तिसरा प्रकार रक्त न गोठू देणाऱ्या औषधाचा. त्याने प्राणी चार-सहा दिवस आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो, आणि मरायला अशा फटीत जातो की वास येईपर्यंत सापडत नाही. माळ्यावर आई मेली असती तर मागे तीन पिल्ले उपाशी मेली असती, आणि खाली झोपणाऱ्या आजीला आणि मुलांना त्या वासात आणि माश्यांत दिवस काढावे लागले असते. चिकट पुठ्ठ्याचे म्हणाल तर त्याला खार, चिमणी, पाल असा भेद कळत नाही. अडकलेला जीव ओरडत, कातडी सोलून घेत मरतो. मुलांच्या समोर हे घडवणे आम्हांला पटले नाही. प्राण्याला विनाकारण यातना देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

आजी हे सगळे बाजेवर बसून ऐकत होती. आजीची पहिली झोपडी नाल्याच्या काठी होती. एका सकाळी माणसे आली आणि दुपारपर्यंत झोपडी राहिली नाही. तेव्हा तिच्या मांडीवर दीड महिन्याचे मूल होते. ते मूल म्हणजे आम्हां दोघांपैकीच एक. ही गोष्ट ती फार वेळा सांगत नाही. त्या दिवशी एवढेच म्हणाली, "लेकराची माय हाय थे. आमी आठ दिवस मांगतले होते. कोनं देल्ले नाई." मग उठून चहा ठेवायला गेली. त्यानंतर घरात घरटे उचलून टाकण्याचा विषय निघाला नाही.

पण मुदत द्यायची म्हणजे किती द्यायची, हे कळल्याशिवाय मिस्त्रीशी बोलता येत नव्हते. जंगल खात्याची हॅलो फॉरेस्ट ही १९२६ क्रमांकाची मदतवाहिनी आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सवर जखमी वन्यप्राण्यांचे उपचार केंद्रही आहे. मुलीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनीही माहिती दिली. ती अशी. आपल्याकडे घराभोवती दिसणाऱ्या खारीच्या मुख्य जाती दोन, पाठीवर तीन पट्टे असलेली आणि पाच पट्टे असलेली. आमची पाच पट्ट्यांची होती. खार वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा विते. एका वेळी साधारण दोन-तीन पिल्ले होतात. पिल्लांना वाढवण्याचे सगळे काम आईच करते. दोन-तीन आठवड्यांनी डोळे उघडतात, मग अंगावर केस आणि पट्टे नीट दिसू लागतात, आणि आठ ते दहा आठवड्यांत पिल्ले स्वतःचे खाणे स्वतः शोधू लागतात. आमची पिल्ले मार्चअखेरची धरली तर मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात माळा रिकामा व्हायला हवा होता.

पट्ट्यांवरून एक गंमत झाली. खारीच्या पाठीवर बोटे फिरवल्याने पट्टे उमटले, ही गोष्ट मुलांनी ऐकलेली होती. मुलाने विचारले, खरे काय? आम्ही त्याला कडुनिंबाखाली उभे केले आणि म्हटले, खार शोध. ऊन-सावलीत, खरखरीत सालीवर ती हलेपर्यंत त्याला दिसली नाही. शिक्र्यालाही अशीच दिसत नाही. जी दिसली नाही ती वाचली, तिला पिल्ले झाली, आणि पट्टे पुढे चालत आले. अमेरिकेत चिपमंक नावाची खारीच्या कुळातलीच एक जात आहे, तिच्याही पाठीवर पट्टे असतात. मुलगी लगेच म्हणाली, "तिकडे कोण गेलं होतं बोटं फिरवायला?" आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हीसुद्धा मोठी खारच, आणि तिच्या पाठीवर पट्टे नाहीत, हेही तिने शोधून काढले.

मिस्त्री सुरुवातीला चिडला. खारीसाठी तारीख बदलणारे गिऱ्हाईक त्याने पाहिले नव्हते. शेवटी असे ठरले की समोरच्या खोलीचे छप्पर ठरल्याप्रमाणे मेमध्ये करायचे, आणि मागच्या खोलीचे जूनच्या पहिल्या आठवड्यात. दोनदा पालक बांधण्याची एका दिवसाची मजुरी आम्ही जास्तीची द्यायची. पाऊस आधी आला तर जोखीम आमची. मे महिन्यात एकदा अवकाळी पाऊस आलाच. रात्री एकाला उठून मागच्या खोलीत भांडी लावावी लागली आणि आजीची बाज समोरच्या खोलीत आणावी लागली. ते एवढ्यावर निभावले.

त्या दोन महिन्यांत आम्ही काही नियम पाळले. माळ्यावरून गोवऱ्या, धान्य आणि गोधड्या उतरवून घेतल्या, चिंध्यांचे गाठोडे फक्त राहू दिले. मुलांना शिडी लावायची बंदी. खारीला खायला घालायचे नाही, कारण घरात खाणे मिळते हे कळले की ती घर सोडत नाही. पिल्लू पाळायचा हट्ट मुलाने धरला होता, त्याला ठाम नाही सांगितले. रानातला जीव पिंजऱ्यात ठेवायचा नसतो. खारीने किंवा कोणत्याही प्राण्याने चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवायचे. खारीपासून रेबीज होण्याचा धोका फारच कमी, तरी इंजेक्शन लागते की नाही ते डॉक्टर ठरवतील, हळद आणि चुना लावून घरी बसायचे नाही.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक पिल्लू फळ्यांच्या फटीतून खाली पडले. डोळे उघडे, अंगावर लव, पट्टे स्पष्ट. बोळात मांजर होतेच. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, असे सगळे म्हणत होते. तसे नसते. आम्ही जुन्या कापडाने पिल्लू उचलले, बुटाच्या खोक्यात चिंध्या घालून त्यात ठेवले आणि खोके माळ्याच्या कडेला टेकवून सगळे बाहेर गेलो. गाईचे दूध पाजले नाही, ते पिल्लांना बाधते. अर्ध्या तासात आई आली. पिल्लाला तोंडात धरून, पिल्लाने तिच्या मानेभोवती वेटोळे घातलेले, अशी ती आत गेली. खारीला पिल्ले उचलून दुसरीकडे नेता येतात हे त्या दिवशी आम्ही डोळ्यांनी पाहिले. ज्यांना अगदीच थांबणे शक्य नाही त्यांनी ध्यानात ठेवावे. माळ्यावर दिवसा उजेड करावा, रेडिओ लावून ठेवावा. आईला जागा सुरक्षित वाटली नाही तर ती स्वतःच पिल्ले दुसऱ्या घरट्यात हलवते. तिला दोन-तीन दिवस द्यावे लागतात, एवढेच.

मेच्या अखेरीस पिल्ले कवेलूवर दिसू लागली. आधी वळचणीपर्यंत, मग फांदीवर. मोजली तर दोनच. तिसरे माळ्यावर नव्हते, अंगणातही सापडले नाही. मुलगा दोन दिवस शोधत होता. तिसऱ्या दिवशी त्याने शोधणे सोडले आणि आम्हीही त्याला काही खोटे सांगितले नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे काम राहिले होते, आणि ते म्हणजे वाट बंद करणे. पिल्ले गेली म्हणून जे लोक इथे थांबतात त्यांच्या माळ्यावर त्याच वर्षी दुसरे घरटे तयार होते. आम्ही आधी वाट शोधली. भिंत आणि कवेलू यांच्यामध्ये आढ्याजवळ दीड-दोन इंचांची फट होती, आणि कडुनिंबाची एक फांदी थेट छपराला टेकली होती. फटीच्या कडेला केस आणि तेलकट डाग होते. आत कोणी उरले आहे का हे पाहायला फटीत वर्तमानपत्राचा सैल बोळा कोंबला आणि खाली फळीवर राख भुरभुरली. आत किंवा बाहेर जाणारी खार तो बोळा ढकलणारच. पहिल्या दिवशी बोळा खाली पडलेला होता. पुन्हा लावला. मग सलग तीन दिवस बोळा जागेवर आणि राखेवर पाऊल नाही, तेव्हा माळा रिकामा झाल्याची खात्री पटली.

घरटे काढताना नाकातोंडाला फडके बांधले, हातात प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या. लेंड्या आणि जुने घरटे कोरडे झाडायचे नसते, धूळ छातीत जाते आणि घरट्यात पिसवा, गोचीड असतात. त्यावर ब्लीचिंगचे पाणी शिंपडून, ओले करून, पिशवीत भरले. मागोमाग मिस्त्रीने कवेलू उतरवून फाटे बदलले. फटीवर अर्ध्या इंचाची जस्ताची जाळी ठोकून कडा सिमेंटने भरल्या. कापड, पुठ्ठा, थर्माकोल यांनी फट बुजवणे म्हणजे खारीला घरट्याचे सामान पुरवणे होय. हे काम सकाळी नऊ-दहाला करावे, खारी बाहेर हिंडत असताना, म्हणजे एखादी आत कोंडली जात नाही. छपराला टेकलेली फांदी सात-आठ फूट मागे घ्यायची होती. शहरात झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी, १९७५ पासून त्याचा कायदा आहे. आम्हांला अर्ज केल्यावर ती मिळाली.

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा मागची खोली गळली नाही. वायर पाइपात आहे, पंखा चालतो. खारी कडुनिंबावर आहेत. त्यांतल्या एखादीने जाळीपाशी येऊन दात लावून पाहिल्याच्या खुणा आहेत, पण जाळी टिकली.

काही शेजारी म्हणाले, एवढ्याशा जिवासाठी एवढा खटाटोप? हिशेब मांडला तर जास्तीचा खर्च एका दिवसाच्या मजुरीचा झाला. वायर, फाटे, जाळी, सिमेंट हे सगळे खार मारली असती तरी करावे लागलेच असते, कारण फट तशीच राहिली तर मेलेल्या खारीच्या जागी दुसरी येते. मारून प्रश्न सुटत नाही, तो फट बुजवल्याने सुटतो. आणि खारीवर दया करायची म्हणजे आपले घर तिच्या हवाली करायचे असेही नाही. घर आमचे आहे, ते आम्ही कष्टाने उभे केले आहे, तिथे वायरवर दात चालू देता येणार नाहीत. तिला जायचेच होते. फक्त जाताना तिची लेकरे तिच्या सोबत चालती-फिरती असावीत, एवढीच सवलत होती, आणि ती देणे आमच्या हातात होते.

वाचक बंधू-भगिनींना एवढेच सुचवायचे आहे. पुढल्या वेळी हे काम थंडीत करा. डिसेंबर-जानेवारीत एक रविवार काढून माळा उतरवा. कोपऱ्यात घरटे आहे का ते हाताने नव्हे, बॅटरीने पाहा. वायर तपासा, फ्यूजमधली तार पाहा. कागदाच्या बोळ्याने तीन दिवस खात्री करा आणि मग जाळी ठोका. तेव्हा आत कोणाचे बिऱ्हाड नसेल तर कोणाला मुदत द्यावी लागणार नाही आणि कोणाला मागावीही लागणार नाही.